चित्रगुप्ताचा खेळ

नाटकाचे परीक्षण होते, चित्रपटाचे होते, गाण्याच्या मैफलीचेही होते. मैदानावरच्या खेळाचे मात्र आपल्याकडे केवळ वृत्त होते. कोण जिंकले, कोणी किती धावा काढल्या, कोणाची निवड चुकली, एवढे सांगितले की वृत्तलेखकाचे काम संपते. त्या खेळाने पाहणाऱ्याच्या मनात कोणती अनुभूती जागी केली आणि ती कोणत्या घटकांतून सिद्ध झाली, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. मी तो बेसबॉलच्या बाबतीत विचारू इच्छितो. १९६९ साली शिक्षणासाठी शिकागोस आलो आणि त्याच उन्हाळ्यात रिग्ली फील्ड या मैदानाच्या लाकडी बाकावर प्रथम बसलो. तेव्हापासून आजवर ‘शिकागो कब्स’ या संघाचा मी निष्ठावंत प्रेक्षक आहे. अर्धशतकाहून अधिक काळ एकाच रंगभूमीसमोर बसलेल्या माणसाला परीक्षण करण्याचा थोडासा अधिकार पोचतो, असे मी धरून चालतो.

मुंबई-पुण्याहून येणाऱ्या आप्तमंडळींना मी हौसेने मैदानावर नेतो. त्यांचा अभिप्राय बहुधा ठरलेला असतो. “अहो, हे तर नुसते उभे आहेत! खेळ कधी सुरू होणार?” ही तक्रार अगदीच खोटी नाही. प्रत्येक संघाचे नऊ डाव. एका डावात तीन गडी बाद झाले की बाजू बदलायची. पिचर चेंडू फेकतो आणि बॅटर तो टोलवू पाहतो. टोलवण्याजोगे तीन चेंडू हुकले तर बाद. चार चेंडू वाईट पडले तर पहिल्या बेसवर चालत जाण्याची मुभा. चारही बेस फिरून घरी परतला की एक धाव. एवढाच काय तो पसारा. एका चेंडूपासून दुसऱ्या चेंडूपर्यंत डोळ्यांना फारसे काही दिसत नाही. परंतु मैफलीत गवई तंबोरा लावीत असतो तेव्हा तरी काय दिसत असते? जाणकाराचे कान तेव्हाच टवकारलेले असतात.

ही रंगभूमी कशी आहे, तेही थोडक्यात सांगतो. रिग्ली फील्ड १९१४ साली बांधले गेले आणि १९१६ पासून कब्स तेथे खेळतात. मैदानाच्या मागच्या विटांच्या भिंतीवर १९३७ साली वेल चढवला. जूननंतर ती भिंत हिरवीगार होते आणि कधीकधी चेंडू त्या पानांत हरवतो. त्याच वर्षी बसवलेल्या धावफलकावर आत बसलेली माणसे आजही हाताने आकडे लावतात. सामना जिंकला तर पांढरा झेंडा, हरला तर निळा. आगगाडीतून जाणाऱ्यालाही निकाल कळावा म्हणून. १९८८ च्या ऑगस्टपर्यंत येथे दिवे नव्हते, सारे सामने उन्हात होत. ८ ऑगस्टला दिव्यांखालचा पहिला सामना सुरू झाला आणि पावसाने तो मध्येच धुऊन काढला. अधिकृत पहिला रात्रीचा सामना दुसऱ्या दिवशी झाला. देवालाही दिवे मान्य नाहीत, असे त्या रात्री पुष्कळांनी म्हणून घेतले.

त्या हाताने लावलेल्या फलकाकडे नीट पाहिले की या खेळाचे मर्म कळू लागते. फलकावर प्रत्येक संघापुढे तीन आकडे असतात: धावा, हिट आणि चुका. होय, चुका! क्रिकेटमध्ये झेल सुटला तर प्रेक्षक हळहळतात, वर्तमानपत्रे झोडपतात, परंतु धावपत्रकात त्याची नोंद होत नाही. बेसबॉलमध्ये ती होते, आणि भर मैदानात मोठ्या अक्षरांत लावली जाते. त्यासाठी एक अधिकृत नोंदणीदार बसलेला असतो. फटका खरोखर चांगला होता की क्षेत्ररक्षकाने घोटाळा केला, हे तो ठरवतो. क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळे धाव झाली तर ती संघाच्या खात्यात पडते, परंतु पिचरच्या माथी मारली जात नाही. उलट, एखाद्या बॅटरने आपला सोबती पुढच्या बेसवर जावा म्हणून जाणूनबुजून हलका फटका मारून स्वतःला बाद करून घेतले, तर त्या खेपेचा बट्टा त्याच्या सरासरीला लागत नाही. त्या नोंदीला चक्क ‘त्याग’ असे नाव आहे.

लक्ष्मीपूजनाला वहीची पूजा करणाऱ्या आपल्या लोकांना यातले मर्म सांगावे लागू नये. हा चित्रगुप्ताचा खेळ आहे. प्रत्येक फळाला कर्ता असतो. पुण्य ज्याचे त्याच्या नावावर आणि पाप ज्याचे त्याच्या. इतर सांघिक खेळांत व्यक्ती संघात विरघळते. येथे नऊ जण एकत्र खेळतात, पण प्रत्येकाचा हिशेब निराळा राहतो. माझ्या मते बेसबॉलचा खास रस येथे आहे. धावणे, झेलणे, टोलवणे यांतले सौंदर्य अन्य खेळांतही सापडेल, परंतु एवढा न्यायनिष्ठुर आणि तरीही एवढा दयाळू हिशेब मला दुसरीकडे आढळला नाही. दयाळू अशासाठी की येथे अपयश हाच नियम मानलेला आहे. दहा खेपांत तीन हिट मारणारा उत्तम बॅटर ठरतो; म्हणजे सात वेळा मान खाली घालून परतणारा माणूस येथे नामवंत होतो. संसारातही याहून अधिक कोण साधतो?

हा हिशेब प्रेक्षकालाही ठेवता येतो. आमच्या घरी ते खाते सौ.कडे आहे. १९७२ साली ती येथे आली, दोन-तीन सामने मुकाट्याने पाहिले, आणि चौथ्याला शाळेची चौकटीची वही घेऊन आली. क्षेत्ररक्षकांच्या जागांना एक ते नऊ आकडे असतात. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून दुसऱ्या बेसवर व तेथून पहिल्यावर फेकून दोघांना बाद केले, की तिच्या वहीत ‘६-४-३’ अशी देवनागरी नोंद होते. तीन चेंडू हुकून बाद झालेल्याला इंग्रजीत ‘के’ हे अक्षर देतात. ती ‘क’ लिहिते, आणि बॅट न हलवताच बाद झाला तर उलटा ‘क’. अशा वह्यांची एक ट्रंक भरली आहे. त्या वह्या म्हणजे नाटकाच्या संहिता आहेत, हे मी पुढे दाखवणार आहे.

समीक्षेत उदाहरणाशिवाय बोलू नये, म्हणून याच रंगभूमीवरचे तीन प्रयोग विचारासाठी घेतो.

पहिला १९ ऑगस्ट १९६९ चा. कब्सचा केन होल्ट्झमन अटलांटाविरुद्ध चेंडू फेकीत होता. पहिल्याच डावात रॉन सँटोने होम रन मारून तीन धावा मिळवून दिल्या. त्यापुढे एकही धाव झाली नाही. होल्ट्झमनने नऊ डावांत प्रतिपक्षाला एकही हिट मारू दिली नाही, आणि नवल असे की, त्याने एकालाही तीन चेंडूंत चकवून बाद केले नाही. सत्तावीसच्या सत्तावीस बळी फटका झाल्यावर पडले. सातव्या डावात हँक आरनने चेंडू असा टोलवला की तो भिंतीपलीकडे गेलाच असे आम्ही समजलो; सरोवरावरून येणाऱ्या वाऱ्याने तो मागे ढकलला आणि बिली विल्यम्सने वेलीला पाठ लावून झेलला. अखेरचा बॅटरही आरनच. त्याचा सरपटता फटका ग्लेन बेकर्टने अडवला आणि सामना संपला. बायबलाएवढ्या जाड नियमपुस्तकात वाऱ्याला कोठे जागा नाही, हे मला त्या दिवशी थोडे खटकले; परंतु विक्रम एकट्या पिचरच्या नावे लागला तरी त्या दिवशीच्या नोंदीत नऊही जणांचे आकडे विखुरलेले होते. समूहगानाचा तो प्रयोग होता.

दुसरा प्रयोग ६ मे १९९८ चा. केरी वुड हा वीस वर्षांचा पोरगा ह्यूस्टनविरुद्ध उभा राहिला आणि त्याने वीस जणांना ‘क’ केले. नऊ डावांच्या सामन्यातल्या तोवरच्या सर्वोच्च आकड्याशी त्याने बरोबरी साधली. प्रतिपक्षाला मिळाली एकच हिट. कब्स २-० ने जिंकले. बुधवारची दुपार, आकाश भरून आलेले, सौ. आणि मुलगी मैदानात होत्या, मी कचेरीत. हा प्रयोग मी पाहिलेला नाही, वाचलेला आहे. संध्याकाळी ती वही हातात घेतली आणि ओळीमागून ओळ उतरणारे ते ‘क’ वाचताना अंगावर काटा आला. क्षेत्ररक्षकांचे आकडे जवळजवळ नाहीतच. जणू इतर आठ जण रंगमंचाच्या कडेला उभे आणि एकच नट स्वगत म्हणतो आहे. ज्या खेळाची नोंद वाचून रसास्वाद घेता येतो, त्याला संहिता आहे असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरू नये.

तिसरा प्रयोग हास्यरसाचा. १७ मे १९७९ ची दुपार, प्रतिपक्ष फिलाडेल्फिया, आणि वारा मैदानाबाहेर वाहणारा. पहिल्याच डावात पाहुण्यांच्या सात धावा, यजमानांच्या सहा. एका वेळी कब्स २१-९ असे मागे होते. तेथून त्यांनी २२-२२ अशी बरोबरी गाठली. डेव्ह किंगमनने तीन होम रन मारले. शेवटी दहाव्या डावात माइक श्मिटच्या होम रनने फिलाडेल्फियाने २३-२२ असा सामना जिंकला. आम्ही हरलो, पण बाहेर पडताना परके लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारून हसत होते. सौ.च्या चौकटी पुरल्या नाहीत. तिने समासात लिहिले.

या तिन्हींत श्रेष्ठ कोणता? मी होल्ट्झमनच्या बाजूने कौल देतो. वुडची कामगिरी अधिक विलक्षण होती यात शंका नाही. परंतु विलक्षणतेने माणूस दिपतो, तल्लीन होतो असे नाही. होल्ट्झमनच्या सामन्यात प्रत्येक चेंडूमागे संकट होते, आणि प्रत्येक संकटातून दुसऱ्या कोणीतरी हात देऊन बाहेर काढले. एकाची कीर्ती आठ जणांच्या विश्वासावर उभी राहिली, आणि हे ऋण वहीत फेडलेले दिसते.

हिशेबाच्या या न्यायबुद्धीची कसोटी लागली २००३ साली. १४ ऑक्टोबरच्या रात्री कब्स ३-० ने पुढे होते; आणखी पाच बळी पडले की १९४५ नंतर प्रथमच ते जागतिक मालिकेत जाणार होते. आठव्या डावात कडेला उंच उडालेल्या चेंडूला एका प्रेक्षकाचा हात लागला आणि कदाचित झाला असता तो झेल हुकला. मग तोल सुटला. शॉर्टस्टॉपच्या हातून सोपा चेंडू निसटला, त्या डावात आठ धावा झाल्या, सामना गेला आणि दुसऱ्या दिवशी मालिकाही गेली. गावाने दोष दिला तो त्या प्रेक्षकाला. पहारेकऱ्यांच्या गराड्यात त्याला मैदानाबाहेर न्यावे लागले. आमच्या ओळखीचे, घरी तुळशीला पाणी घालणारे गृहस्थसुद्धा त्याला शिव्या देत होते. मी सौ.ची त्या रात्रीची वही पुढे ठेवली. तीत ती चूक शॉर्टस्टॉपच्या नावावर होती. प्रेक्षकाचे नाव कोठेही नव्हते, कारण पंचांनीही त्याला दोषी ठरवले नव्हते. समूहाची स्मृती बळी शोधते आणि वही कर्ता शोधते, हा फरक मला त्या रात्री जितका स्पष्ट दिसला तितका कोणत्याही ग्रंथात दिसला नव्हता.

परंतु वहीची एवढी थोरवी गायल्यावर तिचे पातकही सांगितले पाहिजे. चित्रगुप्ताच्या वहीतून कोणी सुटत नाही. या वहीतून एक अख्खा समाज सुटला होता. १९४७ साली जॅकी रॉबिन्सन खेळेपर्यंत काळ्या खेळाडूंना मुख्य संघांत प्रवेश नव्हता. त्यांनी स्वतःच्या ‘निग्रो लीग’ उभ्या केल्या आणि अप्रतिम खेळ केला. पण तो हिशेब परक्याचा मानला गेला. त्यांतला महान बॅटर जॉश गिब्सन रॉबिन्सनच्या पदार्पणाच्या तीनच महिने आधी, जानेवारी १९४७ मध्ये, वयाच्या ३५ व्या वर्षी वारला. २०२० साली त्या लीगना मुख्य लीगचा दर्जा मिळाला आणि २०२४ च्या मे महिन्यात त्यांचे आकडे मुख्य वहीत उतरवले गेले. त्याबरोबर कारकिर्दीतल्या सर्वोच्च सरासरीचा मान टाय कॉबकडून गिब्सनकडे आला. कोणी म्हणतात, मेलेल्या माणसाला आकड्यांचा काय उपयोग? पालवणकर बाळूंना मैदानावर गडी बाद करू देणारे आणि चहा मात्र बाहेर वेगळ्या भांड्यात देणारे पुणे ज्यांच्या इतिहासात आहे, त्या आपण तरी हा प्रश्न विचारू नये. वही मेलेल्यांसाठी नसते. पुढे वाचणाऱ्या पोरांना खोटे सांगितले जाऊ नये, म्हणून ती असते.

आमच्या गावचा एर्नी बँक्स हा कब्सचा पहिला काळा खेळाडू. १९५३ पासून १९७१ पर्यंत तो २,५२८ सामने खेळला, ५१२ होम रन मारले, लागोपाठ दोन वर्षे नॅशनल लीगचा सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला. आणि हंगामोत्तर एकही सामना त्याच्या नशिबी आला नाही. १९६९ साली तो योग जुळत आला होता. ऑगस्टात कब्स पुष्कळ पुढे होते. सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या मेट्सनी त्यांना गाठले आणि आठ सामन्यांनी मागे टाकले. तरी बँक्सच्या चेहऱ्यावरचे हसू मी कधी मावळलेले पाहिले नाही. आकड्यांचे मोल ओळखूनही आकड्यांच्या पलीकडे राहणारा असा माणूस मला तरी दुसरा दिसला नाही.

आता वादाच्या प्रश्नाकडे वळतो. २०२३ पासून पिचरला घड्याळ लावले गेले. बेस रिकामे असतील तर पंधरा सेकंदांत, नाहीतर वीस सेकंदांत चेंडू फेकलाच पाहिजे. पुढच्या वर्षी हे वीस अठरावर आले. जुने रसिक संतापले. घड्याळाविना चालणारा हा एकच खेळ उरला होता, तोही बाटवला, असे ते म्हणतात. मला हा आक्षेप पटत नाही. २०२२ साली सामना सरासरी तीन तास चार मिनिटे चाले; घड्याळानंतर तो दोन तास चाळीस मिनिटांवर आला. मी तरुण असताना साधारण अडीच तासच लागत. मधल्या काळात वाढले ते हातमोजे घट्ट करणे नि टोपी सारखी करणे. तेवढेच छाटले गेले. सत्तावीस बळी पडल्याविना सामना संपत नाही, हा नियम जागच्या जागी आहे. वेळ आखली ती दोन कृतींमधली. कृतींना वेळ आखलेली नाही. गवयाने तंबोरा लवकर लावला म्हणून राग आखूड होत नाही.

परंतु दुसरा एक नियम आला आहे आणि त्याला माझा कडवा विरोध आहे. नऊ डावांनंतर बरोबरी राहिली, तर दहाव्या डावापासून प्रत्येक संघाचा एक माणूस आयताच दुसऱ्या बेसवर उभा करतात. २०२० च्या साथीच्या वर्षी सोय म्हणून हे सुरू झाले आणि २०२३ पासून कायमचे झाले. समर्थकांचे म्हणणेही ऐकण्यासारखे आहे. पंधरा-सोळा डाव चालले की पिचरांचे खांदे निकामी होतात, मुले पेंगतात, शेवटची गाडी चुकते. हे सगळे खरे. पण तो माणूस तेथे आला कसा? त्याने फटका मारला नाही, कोणी त्याग केला नाही, कोणी चूक केली नाही. तो धावून आला तर धाव मोजतात, मात्र ती पिचरच्या हिशेबात धरीत नाहीत. म्हणजे ज्यांनी नियम केला त्यांनाच ठाऊक आहे की या फळाला कर्ता नाही. शिवाय हंगामोत्तर सामन्यांत हा नियम ते स्वतःच लावीत नाहीत. जेथे खरोखर काही पणाला लागते, तेथे जुना न्यायच हवा! २७ ऑक्टोबर २०२५ च्या रात्री लॉस एंजेलिस आणि टोरांटो यांचा जागतिक मालिकेतला तिसरा सामना अठरा डाव चालला. फ्रेडी फ्रीमनच्या होम रनने तो ६-५ असा संपला, तेव्हा साडेसहा तास उलटून गेले होते. आम्ही दोघे म्हातारी माणसे दूरदर्शनसमोर जागीच होतो. आयता माणूस उभा केला असता, तर त्या रात्रीचे अर्धे नाट्य जन्मालाच आले नसते.

याहून बोलका पुरावा २ नोव्हेंबर २०१६ चा. क्लीव्हलंडमध्ये जागतिक मालिकेचा सातवा सामना, नऊ डावांनंतर ६-६, वर पावसाचा सतरा मिनिटांचा खंड. कब्सनी यापूर्वी विजेतेपद मिळवले होते ते १९०८ साली. मध्ये १०८ वर्षे. बेसबॉलच्या चेंडूवरही १०८ दुहेरी टाके असतात. जपमाळ ओढणाऱ्यांनी यातून हवा तो अर्थ काढावा. दहावा डाव सुरू झाला. श्वार्बरने हिट मारली आणि त्याच्या जागी अल्मोरा धावायला आला. ब्रायंटचा फटका दूरवर झेलला गेला; तो झेल होताच अल्मोरा बेस सोडून दुसऱ्या बेसवर पोचला. मग झोब्रिस्टच्या फटक्यावर तो घरी आला, पाठोपाठ माँटेरोच्या हिटवर आणखी एक धाव झाली, आणि कब्स ८-७ ने जिंकले. दुसऱ्या बेसवर उभा राहिलेला तो माणूस तेथे पोचावा म्हणून एकाने फटका मारला होता, दुसरा बाद झाला होता, आणि त्याने स्वतः जोखीम पत्करली होती. आज साध्या सामन्यात ती जागा फुकट मिळते. दोन्ही वेळा दिसायला चित्र एकच. पण एक कमावलेले, दुसरे मांडून ठेवलेले. खेळाची अभिरुची म्हणजे हा फरक ओळखणे, यापरती मला तिची व्याख्या करता येत नाही.

हल्ली उन्हाळ्यात नात आमच्याबरोबर येते. आजीकडून ती वही भरायला शिकते आहे, आणि ‘क’ उलटा काढण्यात तिला विशेष आनंद वाटतो. परवा सामना दहाव्या डावात गेला आणि तो आयता गडी दुसऱ्या बेसवर येऊन उभा राहिला. नातीने विचारले, “आजी, याच्या चौकटीत काय लिहायचं? याने तर काहीच केलं नाही.”

सौ.ने पेन्सिल घेतली आणि नीटस अक्षरात लिहिले: ‘आगंतुक’.

माझ्या एवढ्या लांबलचक परीक्षणाचे सार त्या एका शब्दात आले आहे.